ओव्हर

शिवणयंत्राचं डोकं आत उलटवलं
की वर लॅपटॉप मावतो.
रविवारी अकराला गाईड मॅडम दिसतात.
त्यांच्यामागे नागपूरचा कूलर,
माझ्यामागे मिरजेचं कपाट,
त्यावर नाताळचा तारा, उतरवायचा राहिलेला.
"एस्तेर, तुमचा आवाज येत नाही."
येतो मॅडम. आत्ता येतो.

वय बावन्न.
नवऱ्यानं एकदाच विचारलं,
"आता डॉक्टर होऊन कुणाला तपासणार?"
मग चहा केला, साखर विसरून.

विषय आहे नेतृत्व. परिचर्येतलं.
टाइप करताना हा शब्द
खळ घातलेल्या साडीसारखा कडक येतो.
सांगलीत माझ्या वॉर्डात त्याला कुणी ओळखत नाही.
तिथं असतं, "सिस्टर, तीन नंबरचं सलाईन संपत आलंय."
असतो चाव्यांचा जुडगा, ऑफ-ड्यूटीचा तक्ता,
कुणाला ईदला रजा, कुणाला गौरीला,
कुणाला नाहीच.

मॅडम म्हणाल्या, एखादं उदाहरण द्या.
मी पुराचं सांगितलं.
तळमजल्यात पाणी, लाइट गेलेली,
शेवंता मावशीनं पदर खोचला
आणि एकेक पेशंट चादरीत घालून जिन्यानं वर.
चादरीची चार टोकं, चार माणसं.
एका टोकाला सर्जन.
"डावीकडं, साहेब, डावीकडं घ्या,"
मावशी म्हणत होती
आणि साहेब डावीकडं घेत होते.
हे कुठल्या थिअरीत बसवाल?
वाचून सांगते, म्हटलं.
अजून वाचतेय.

मग पायलट स्टडी. चोवीस फॉर्म.
"नाव लिहू नये", मीच ठळक छापलेलं.
विधान सात :
माझ्या वॉर्डच्या प्रमुख माझं म्हणणं ऐकून घेतात.
सहमत, सहमत, तटस्थ, सहमत,
तटस्थ, तटस्थ...
आमच्याकडं तटस्थ म्हणजे काय
हे संख्याशास्त्राच्या पुस्तकात नाही.
आणि एक फॉर्म लाल शाईतला.
लाल म्हणजे नाइट. रात्रीच्या नोंदी आम्ही लालनं करतो.
पूर्ण असहमत.
खुणेची शेपटी चौकटीबाहेर गेलेली.

ही शेपटी मी ओळखते.
नऊ वर्षं चार्टवर बघतेय.
ती दारात उभी होती,
"सिस्टर, एक बोलायचं होतं,"
आणि मी तक्त्यातनं मान वर न काढता
"लेखी द्या."

आधी राग आला. खरं सांगते,
हजेरीपट उघडून तिचे उशिराचे दिवस मोजले.
चार निघाले.
पाचवा शोधताना
माझीच मला लाज वाटली.
फॉर्मला क्रमांक दिला, एकोणीस.
सातव्या रकान्यात आकडा भरला, एक.

सोमवारी सकाळी सातला ओव्हर.
नाइटची सिस्टर
(नाव लिहीत नाही, तशी सूचना आहे)
बेडवार सांगत आली,
चाव्या पुढं केल्या.
मी घेतल्या नाहीत. स्टूल ओढलं.
अजून काही?
"नाही, सिस्टर."
मी बसून राहिले.
मावशी गरम पाण्याची बादली घेऊन गेली,
रिकामी घेऊन आली.
काहीच सुचेना तिला, मलाही.
सव्वासातला ती म्हणाली,
"रात्री एकटीला अठ्ठावीस पेशंट होतात."
कधीपासून?
"मार्चपासून. लेखी दिलं होतं."

रविवारी मॅडम म्हणाल्या, मर्यादांचं पान राहिलंय.
लिहिलं, नमुना लहान. जिल्हा एकच.
संशोधक स्वतःच नमुन्यात.
"एस्तेर, दिसताय, पण आवाज येत नाही."
माइक चालू होता.
मी वाकून शिवणयंत्राच्या खणात
वॉर्डातनं घरी आणलेल्या फायली उपसत होते.
मार्चचा एक कागद.