चाऱ्याचा खर्च

बिश्केक. दुपारचे तीन. हीटर नुसताच खरखरतोय.
अर्ज क्रमांक एक्केचाळीस :
अयझिरेक, वय चोवीस,
नारीनहून रात्रभर मिनीबसमध्ये अवघडून आलेली.
बुटांवर अजून तिकडचा चिखल.

सात मिनिटं तिला.
त्यातली चार प्रोजेक्टरनेच खाल्ली.

अंदाजपत्रकात माझं बोट अडतं :
घोड्याचा चारा, तीन महिने.
"शूटिंग तर नऊ दिवसांचं ना?"
शहरी पोराकडे बघावं तशी ती बघते.
"नंतरही तो खातोच की."

कुणीतरी हसतं. बाकतिगुल चष्मा पुसते.
मी खालची ओळ वाचतो :
दिग्दर्शिकेचं मानधन, शून्य.

असंच एक शून्य मीही लिहिलं होतं,
नम्रपणा म्हणून.
माझी दुसरी फिल्म त्यातच राहून गेली.

पेनाचं टोपण काढतो.
शून्याच्या डावीकडे जागा असते
हे तेव्हा कुणी बोललं नव्हतं.
"एवढं तुझं. नाही म्हणू नकोस.
आणि संकलनाला माझ्याकडे ये,
मशीन जुनं आहे, चहा बरा असतो."

ती आकडा दोनदा मोजते.
दारापर्यंत जाते, वळते :
"खोगीर उसनं आणलंय,
ते लिहायचं राहिलं."