सहा नंबर

काउंटरमागची भिंत दुरुस्तीला काढली
तेव्हा प्लास्टरच्या आड चौऱ्याऐंशी खण निघाले.
दोहोंत अजून काहीतरी होतं, कुटलेलं, तपकिरी.
हुंगून पाहिलं. वास गेलेला.
तिसऱ्यात वह्या.

एबनेझर क्लेग, झाडपाल्याचा दुकानदार,
ओल्डहॅम, सन अठराशे सत्त्याऐंशी.
मी त्याच जागेत फार्मासिस्ट.
माझा नोंदणी क्रमांक झोपेतही सांगेन.

पहिल्या वहीतलं अक्षर मागावरच्या माणसाचं,
रेघ सोडून वर चढणारं, डाव्या हाताचं,
कारण उजव्याची दोन बोटं धोट्यानं नेली होती.
‘सारा ऑल्ड्रेड, पिंजणखाता. खोकला.
छातीत कापूस. लोबेलिया, एक पेनी.
पेनी नाही. दिली.’
पुढच्या पानावर पुन्हा : दिली.
त्याच्या पुढच्याही.
डॉक्टर टेकडीवर राहायचा,
आणि त्याच्या पायऱ्या चढायलाच अर्धा पगार लागायचा.

मग चौऱ्याण्णवचा फेब्रुवारी.
ऑल्ड्रेडांचाच मुलगा, चार वर्षांचा, घसा.
वहीत तीन दिवस काढा, तीन दिवस शेक,
चौथ्या दिवशी नुसती तारीख.

चौकशी झाली. कात्रण वहीतच चिकटवलंय त्यानं,
स्वतःच्या हातानं, चारही कोपरे नीट दाबून.
डॉक्टरांनी विचारलं, आपलं शिक्षण कुठं झालं?
‘मागावर, साहेब.’
(हशा), असं छापलंय.

दुसऱ्या वहीत अक्षर सरळ झालं.
झाडांना लॅटिन नावं आली.
मँचेस्टरच्या मंडळाची वर्गणी, एक गिनी.
परीक्षा. सनद. सनदेच्या चौकटीचे साडेचार शिलिंग.
हॉटेलच्या पायऱ्यांवरचा फोटो :
अठ्ठावीस पुरुष, दोन बायका, सगळे ताठ,
घड्याळाच्या साखळ्या दिसतील असे उभे.
हा कडेला. उजवा हात कोटाच्या खिशात.

धंदा होता तोवर पाटीवर नुसतं एक झाड होतं.
व्यवसाय झाला, आणि नावापुढं चार अक्षरं लागली.
त्याला दोष कसा देऊ? मीही लावलीत.
त्या हशाला दुसरं कुठलं औषध होतं?
फक्त एवढंच की
दुसरी वही मी दोनदा चाळली, मागून पुढूनही,
आणि ‘दिली’ कुठंच सापडलं नाही.

पुढचं त्याच्या मुलीचं, हेप्झिबाचं.
एक्केचाळीस साली कायदा आला.
शेवटच्या पानावर तिनं लिहिलंय :
‘आजपासून आजार विचारायचा नाही.
सार्सापरिला ग्लासानं विकायचं. थंड.’
खाली शाईचा डाग. बस.

शुक्रवारी मिसेस शॉरॉक आल्या, एक्क्याण्णव वर्षांच्या,
भिंत पाहून थबकल्या.
‘म्हणजे सहा नंबर पुन्हा मिळणार?
लहानपणी क्लेगबाई छातीला चोळायच्या.’
मी कॉम्प्युटरकडं पाहिलं, सवयीनं.
मिळत नाही, म्हटलं. घशाच्या गोळ्या दिल्या.
पैसे घेतले.

मग वहीत शोधलं. सहा नंबर :
लाल मिरची, ब्रँडी, आणि एक लॅटिन नाव
जे मला परीक्षेत आलं होतं
पण ज्याचा मराठीशी कधी मेळ घातला नव्हता.

हिराबोळ.
बाळंतिणीचा हिराबोळ,
जो माझ्या बाळंतपणाला आईनं पिशवीत कोंबून आणला,
आणि मँचेस्टरच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं
नाकाशी धरून, तोंड वाकडं करून, परत दिला.
मी कधी घेतला नाही तो.
मी शिकलेली.

रात्री फडताळातला डबा काढला.
अकरा वर्षांनी झाकण उघडलं.
याला वास होता.

मिसेस शॉरॉक सोमवारी येतात,
रक्तदाबाच्या गोळ्यांना.