चुकीचा माईक

दर गुरुवारी रात्री दहाला
खैरुनचाची दारात चप्पल काढते
आणि थेट माझ्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसते.
कॉम्प्युटर म्हणजे परभणीतल्या बंद पडलेल्या नेटकॅफेतून
भंगाराच्या भावात उचललेला,
ज्याच्या कीबोर्डवरची अक्षरं
दुसऱ्यांच्या बोटांनी पुसून नेलेली.
दिवसभर मी जिंतुरात जळक्या मोटारी भरतो,
रात्री तांब्याचा वास असलेल्या त्याच बोटांनी
हैदराबादची एक लिंक उघडतो.

तिकडं चाचीचा भाऊ मकदूम
कुणाच्या तरी गच्चीवरच्या खोलीतून
दखनीत कोडी घालतो,
ऐकणारे एकोणतीस. खाली आकडा दिसतो.
चाची आली तरी तो तीस होत नाही,
ती माझ्यातच मोजली जाते.

एकदा संपल्यावर तिनं विचारलं,
"बोल को हो गया, तो आवाज जाती किधर रे?"
कुठंच नाही, म्हणालो. वाहून जाते.
"नळ का पानी बी वाहून जाता.
आठ दिन कू आता, तो भर को रखते ना?"

म्हणून मी भरायला बसलो.
लाल बटण दाबलं.
हिरवी रेघ आधी सपाट होती,
मकदूम खाकरला तशी उठली.

*रात कू फैले,
सुबू कू गोल हो को कोने में बैठे.*
"चटई," चाची पुटपुटली.
*एक टाँग पो नाचे,
पेट पो सूत लपेटे.*
"तकली. अम्मा की."
मग बराच वेळ गोल फिरणारं चिन्ह,
आवाज नाही, तिकडं नेट अडकलेलं,
इकडं बायकोनं कुकरची शिट्टी काढली,
गल्लीत कुणीतरी बुलेट चालू करत होतं,
होत नव्हती.
शेवटी तो म्हणाला,
*आधा तेरे पास, आधा मेरे पास,
मिला को बी पूरा नइ होता.
जवाब अगले जुम्मेरात कू.*
चाची काहीच बोलली नाही.
पदराला नाक पुसलं, तेवढं.

दुसऱ्या दिवशी ऐकलं तर लक्षात आलं,
सेटिंग चुकलं होतं.
मी आतला आवाज भरायला गेलो
आणि कॅमेऱ्यावरचा छोटा माईक
अख्खी खोली भरत बसला होता.
मकदूम लांबून, पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखा,
चाची अगदी कानाशी.

मी सुधारलं.
पुढच्या गुरुवारी रस्त्याच्या खोदकामात
जिंतुराची केबल तुटली,
चार दिवसांनी जोडली,
तोवर जवाब वाहून गेला होता.
त्यानंतरचे सगळे गुरुवार मात्र स्वच्छ,
मधे ना कुकर ना बुलेट,
फक्त मकदूम आणि त्याच्या कोड्यांनंतरच्या
रिकाम्या जागा.

पेनड्राइव्ह दिला तेव्हा सांगितलं,
पहिली फाइल खराब आहे, ती सोडून ऐक.
आठवड्यानं ती परत आली.
"वो खराब वाली हैच बस.
बाकी के में वो पूछताच जाता, पूछताच जाता,
कोई जवाबच नइ देता उसकू."

मी विचारलं, त्या शेवटच्याचं उत्तर काय होतं?
"मालूम है ना."
काय?
"उसकू मालूम है, मेरेकू मालूम है."
आणि चप्पल शोधत दारात उभी राहिली,
एक पाय आत, एक बाहेर.

परवा कॉम्प्युटर म्हणाला, जागा संपली.
चाळीस गिऱ्हाइकांची बिलं,
पोरीच्या पाचवीतल्या गॅदरिंगचा व्हिडिओ,
आणि दोन फोल्डर,
माझ्याच हातानं नाव दिलेले:
बरोबर. चुकीचं.
बरोबर मोठं होतं, साडेतीन जीबी.

ते काढलं.

आता गुरुवारी भरताना
मी तो छोटा माईक
चाचीच्या बाजूला थोडा वळवून ठेवतो,
आणि बायकोला सांगत नाही
की शिट्टी काढू नको.