लगदा

आमच्या गिरणीत मिनिटाला हजार मीटर कागद निघायचा,
आठ मीटर रुंद, ऊन ऊन,
नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरीसारखा.
आणि त्याच्या शेजारी, कानांत बोळे घालून,
मी.
आठ तासांत एक ओळ.
तीही कधीमधी.

एक्केचाळिसाव्या वर्षी लागलं हे खूळ.
आइला म्हणाली, दारूपेक्षा बरं.
मग थोडं थांबून: स्वस्त तरी आहे.

पहिली कविता युनियनच्या पत्रकात आली,
पान सहा, पगारवाढीच्या तक्त्याखाली.
शेवटची ओळ जागेअभावी उडवलेली.
आठवडाभर धुमसत होतो.
मग एका पहाटे, रात्रपाळीवरून परतताना,
सायकलची साखळी गोठलेली, म्हणून चालत,
लक्षात आलं,
कविता तिथेच संपायला हवी होती.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर माझ्या अंगात आलं.
कादंबरीच काढली लिहायला.
समुद्र गोठला की घरी बसून
बायकोला वाटा दाखवणाऱ्या एका वाटाड्या खलाशाची.
अकरा हिवाळे.
उन्हाळ्यात लिहीत नसे.
आमच्याकडे तेव्हा रात्रच होत नाही,
आणि इतक्या उजेडात
मला खोटं बोलता येत नाही.

हेलसिंकीच्या प्रकाशकाचं उत्तर दीड वर्षाने आलं.
समुद्राचं वर्णन आवडलं.
आमच्या यादीत बसत नाही.
समुद्र यादीत बसत नाही, यात त्यांचं काय चुकलं?
पण मेव्हण्याला, केयोला, कुठून तरी कळलं,
आणि सौनात, सगळ्यांसमोर, तो म्हणाला,
लेखकराव, जरा पाणी टाका दगडांवर,
बघू वर्णन जमतं का.
सगळे हसले. मीही हसलो.
हसताना वाफ घशात गेली.

आमच्याकडे तुटका कागद वाया जात नाही.
यंत्राखाली हौद आहे, त्यात पातं फिरतं.
फाटलेलं, डागाळलेलं, वाकडं कापलेलं,
सगळं त्याच्या पोटात. पुन्हा लगदा, पुन्हा कागद.
चारशे बारा पानं पिशवीत घालून नेली.
अडीच मिनिटं लागली. घड्याळ लावलं होतं.
भीती वाटली, शाईने माल करडा येईल,
फोरमन विचारेल.
कुठलं काय.
अकरा हिवाळ्यांचा रंग
एका रिळावरसुद्धा उतरला नाही.

पुढची चार वर्षं पेन हातात धरलं
ते फक्त पाळीच्या नोंदवहीत.

०२:४०. कागद तुटला. कारण कळलं नाही. पुन्हा ओवला.
०४:१५. तिसऱ्या रुळाचा आवाज बदलला आहे.
अजून तक्रार नाही, कुरकुर आहे.
०५:५०. खिडकीबाहेर कोल्हा. यंत्राशी संबंध नाही.

सेन्या तेव्हा शिकाऊ होती.
एकोणीस वर्षांची, ओठात बाळी, बोलणं मोजकं.
एका रात्री वही घेऊन आली:
या नोंदी कोण लिहितं?
मला वाटलं, चूक सापडली.
मी. का?
काही नाही, म्हणाली,
मी पाळीच्या आधी येऊन मागची पानं वाचते.
कोल्ह्याचं पुढे काय झालं?

मला काय माहीत कोल्ह्याचं पुढे काय झालं.
लंगडत होता, एवढं आठवत होतं,
आणि ते मी लिहिलं नव्हतं.
जागा होती, तरी लिहिलं नव्हतं.
यंत्र गरजत होतं, म्हणून ओरडून सांगावं लागलं,
उद्या लिहितो.

गिरणी बंद झाली त्याला आता तीन वर्षं झाली.
सेन्या कुठे दक्षिणेला गेली म्हणतात.
मी मंगळवारी ग्रंथालयात बसतो,
हीटरजवळच्या टेबलावर,
शेजारी एक म्हातारा बुद्धिबळाची कोडी सोडवतो
आणि नाक ओढतो.
पंधरा पानं झाली होती. परवा आठ खोडली.
आइला विचारते, हे तरी पुरं होणार का?
मी म्हणतो, कॉफी टाक.
कोल्हा अजून कुंपणापर्यंतच पोचलाय,
आणि उजवा पाय की डावा,
ते काही केल्या आठवत नाही.