चोपन्नावी पट्टी

एजिसूच्या चर्चमागे आंब्याखाली टेबल.
त्रेपन्न बाटल्या, त्रेपन्न नावं.
सकाळपासून मी माणसांना
त्यांच्या लघवीवरून ओळखतेय.

कापडं विकणारी ओफोरिवा
बाटली ओच्यात लपवून आली.
"ताडीसारखा फेस येतो गं.
मला वाटलं, अंगात जोर आहे अजून."
पट्टी बुडवली. पिवळी होती,
कैरीच्या सालीइतकी हिरवी झाली.
मी हसले नाही.

अल्ब्युमिन कसं समजावू?
अंडं फोडताना बोटांना चिकटतं ना,
तसलंच काहीतरी रक्तात असतं.
ते रक्तातच राहावं
म्हणून पाठीत दोन गाळण्या, मुठीएवढ्या.
तुझ्या गाळणीची वीण उसवलीय, बाई.

"मी कुणाचं काय वाईट केलं?"
काही नाही.
तुझंच कुणीतरी भलं केलं होतं, फार पूर्वी.

नदीकाठी माशी चावायची
आणि गावंच्या गावं झोपायची ती कायमची.
कुणा एकीच्या रक्तात एक अक्षर चुकलं,
माशीचा जंतू तिच्यात तगेना.
ती उठली. चूल पेटवली.
तिची पोरं म्हणजे आपण.

ते चुकलेलं अक्षर एकीकडून आलं, तर ढाल.
दोन्हीकडून आलं
तर कधीकधी
ढालच आतून टोचू लागते.

आमच्यात म्हणतात, रक्त आईचं,
बापाकडून फक्त श्वास.
तपासणीचा कागद तसं म्हणत नाही.

माझा भाऊ येबोआ, अठ्ठावीस वर्षांचा.
रात्री तीनतीनदा उठायचा,
आम्ही त्याच्या बिअरवर विनोद करायचो.
पाय सुजले तेव्हा म्हणालो, बूट बदल.
त्याने बदलले.
नवे बूट अजून दाराशी आहेत.

पाच वाजता टेबल आवरलं.
डबीत एक पट्टी उरली होती.
चर्चच्या मोरीत जाऊन आले.
साठ सेकंद मोजायचे असतात,
मी चाळिसाला अडखळले, पुन्हा एकपासून.

पिवळी म्हणवत नाही.
हिरवीही म्हणवत नाही.

वहीत चोपन्नावी ओळ आखली.
नाव लिहिलं, आईचं गाव, बापाचं गाव.
शेरा: तीन महिन्यांनी पुन्हा.
आणि मोठ्यानं म्हणाले,
ओफोरिवाला म्हणाले होते त्याच आवाजात,
"घाबरू नकोस. पण ये हं नक्की."