दुसऱ्या दिवशीची ड्यूटी

एकवीस वर्षं, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी
माझी ड्यूटी सूरसागरला.
हातात जाळी, पायात सेवासदनाचे गमबूट.
सोंडा निघायच्या. मोदकासकट हात.
एकदा नुसतंच पोट आलं वर,
त्यावर ऑइलपेंटचं जानवं, काल काढल्यासारखं.
अंबुभाई म्हणायचा, "खोपकर, पगे लागून उचल."
पाया पडायचो.
मग टेम्पोत टाकायचो.

घरी कधी बोललो नाही.

यंदा रिटायर.
दांडिया बाजारातून वीतभर शाडूचा आणला,
बिनरंगाचा, डोळे तेवढे काजळाचे.
नात म्हणाली, "आजोबा, आ अधूरा छे?"

आरती झाली, वाटली डाळ वाटून झाली,
गॅलरीत आईच्या वेळचं घंगाळ भरून ठेवलं.
बसल्या बसल्या विरघळू लागला.
आधी कान,
मग काजळ, एक काळी रेघ पाण्यात,
मग हात. मोदकासकट.
खाली जास्वंदीची कुंडी तयारच होती.

सगळे आत गेले तसा
सवयीनं बाही सारून
हात घातला तळाशी.
गार चिखल. बोटांत धरावा तर निसटतोय.

"काय हरवलंय?" हिनं दारातून विचारलं.

उचलायला काहीच नव्हतं.
तरी हात बराच वेळ आत होता.