डावा बाण

शिवोलीच्या कायतान मेस्तानं
मॉरिस मायनरचं बॉनेट उघडलं
आणि आधी वास घेतला.
"खारं वारं. शिवणीत गंज."

दुकानातले पाने मिलिमीटरचे;
हिचे नट इंचांतले, हट्टी.
मग बापाची पेटी, तेलकट फडकं,
त्यात एकच बसणारा पाना.

कार्ब्युरेटरला चमचाभर तेल,
पॉइंटांत लग्नपत्रिकेच्या जाडीची फट.
तिसऱ्या हँडलला खोकली,
चौथ्याला धडधडू लागली.

फक्त दारामागच्या खांबातला बाण,
वळताना बाहेर येणारा पिवळा हात,
वर आला तो आत जाईना.

"असू दे," एर्मेलिंदबाय म्हणाली,
"तिकडं चोपड्याच्या फेरीचा धक्का.
पूल झाल्यापासून वळलेच नाही."

कायताननं तरी बोटानं हळूच दाबला.
गाडी गिअरात पडली,
बाण पुन्हा वर.